न कळत आणि कळल्यावर

मागे एका रविवारी रविवार शाळेच्या मोठ्या वर्गातील एका मुलाने आम्हांला विचारले, "आपण पाप करतो आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला दोष का लावायचा?" आम्ही लेवीयाचा चौथा अध्याय काढावयास सांगितला. न कळत घडलेल्या पापाची तेथे दखल आहे, आणि ते ध्यानात आल्यावर त्या माणसाने काय करावे हेही सांगितले आहे. मुलाचे समाधान झाले नाही. खरे पाहता आमचेही झाले नाही. घरी जाताना आम्हांला मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची आठवण झाली.

मेरीचा जन्म १८६९ मध्ये आयर्लंडात झाला. लहान वयातच ती अमेरिकेस गेली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांतून स्वयंपाक करू लागली. तिच्या हाताला चव होती, त्यामुळे तिला कामाची वाण नसे. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑइस्टर बे येथे भाड्याच्या बंगल्यात उतरलेल्या एका बँकवाल्याच्या घरी अकरांपैकी सहा माणसे विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, आजारी पडली. त्याचे कारण शोधण्याचे काम जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्याकडे आले. पाणी, दूध, मासळी सारे तपासून झाल्यावर त्यांचे लक्ष नुकत्याच सोडून गेलेल्या स्वयंपाकिणीकडे गेले. तिने पूर्वी काम केलेल्या घरांचा त्यांनी माग काढला, तेव्हा घरामागून घरात हाच ताप येऊन गेलेला आढळला.

मेरी स्वतः धडधाकट होती. हा जंतू काही माणसांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. त्या माणसाला काही होत नाही, पण त्याच्या शौचावाटे जंतू बाहेर पडतात आणि नीट न धुतलेल्या हातांवाटे अन्नात उतरतात. खदखदून शिजलेल्या अन्नात ते मरतात. म्हणून सोपर यांचा संशय तिच्या रश्श्यांवर नव्हता, तर ताजी पीच फळे चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर होता. घरातल्या माणसांना सर्वांत आवडलेला पदार्थ तोच! सोपर तपासणीसाठी नमुने मागावयास गेले, तेव्हा ती मोठा काटा घेऊन त्यांच्या अंगावर धावली. आम्हांला यात नवल वाटत नाही. जिला कधी ताप आल्याचे आठवत नाही, तिच्या स्वयंपाकघरात शिरून एखादा परका गृहस्थ म्हणाला, "बाई, तुमच्या हातून लोक मरतात," तर ती दुसरे काय करील?

१९०७ मध्ये पोलीस आणून तिला बळाने नेले आणि नदीतील नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवले. १९०९ मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या वचनावर १९१० मध्ये तिची सुटका झाली. ती कपडे धुण्याच्या कामाला लागली. त्यात पैसे कमी होते. पुढे १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहात पंचवीस जणांना विषमज्वर झाला आणि त्यांतील दोघे दगावले. तेथील स्वयंपाकीण 'मेरी ब्राऊन' म्हणजे आपली मेरीच निघाली. तिला पुन्हा बेटावर नेले. १९३८ मध्ये ती तेथेच वारली.

१९०७ पूर्वीच्या मेरीला आम्ही दोषी म्हणत नाही. हानी तिच्या हातून झाली, अपराध नव्हे. १९१५ ची मेरी मात्र निराळी. तिला सांगितले गेले होते, तिने वचन दिले होते, आणि तिने नाव बदलले होते. नाव बदलले ते मनातून पटले होते म्हणून की वर्तमानपत्रांनी जुने नाव बाटविल्यावर त्या नावाने भाकर मिळेना म्हणून, हे कोणी सांगावे? पण ज्या बाळंतिणींच्या ताटात ते अन्न गेले, त्यांना त्या कारणाचा काय उपयोग? म्हणून या दुसऱ्या वेळी दोष तिच्याकडे जातोच असे आम्हांस वाटते.

परंतु सगळाच नाही. तिने स्वयंपाक सोडावा यात शहराचे भले होते, पण त्याची किंमत तिने एकटीने भरावी अशी अपेक्षा होती. आणि कायदा सर्वांस सारखा नव्हता. १९२४ मध्ये असाच जंतू बाळगणारा एक भोजनालयाचा मालक ताकीद देऊनही अन्न हाताळताना सापडला. न्यायाधीशांनी त्याची शिक्षा स्थगित केली. मालकाला घरी जाता आले, मोलकरणीला बेट मिळाले.

वाचकांस वाटेल, ही जुनी व दूरची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नाने जगात वर्षाला साठ कोटी लोक आजारी पडतात आणि चार लाख वीस हजार मरतात. त्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालील बालके. विषमज्वरावर नवी लस निघाली आहे, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना देण्यास आरंभ केला. पण लस एकाच तापावर चालते. हातांवाटे पसरणारे जुलाब-वांत्यांचे रोग पुष्कळ आहेत, आणि जुलाब थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकास हात लावू नये असे आरोग्याधिकारी सांगतात.

आता आमची गोष्ट. नाताळच्या आठवड्यात घरी पाहुणे होते. स्वयंपाकाच्या मावशींनी सकाळी फोन केला, "दादा, रात्रीपासून पोट बिघडलंय, आज येत नाही." आम्ही म्हटले, "मावशी, दोन तासच या, पोळ्या आणि कोशिंबीर तेवढी करून जा." त्या आल्या. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचा पाच वर्षांचा नातू जुलाब-वांत्यांनी आजारी पडला व एक रात्र त्याला सलाईन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळी जत्रेत खाल्ले त्यानेही झाले असेल. खुशाल असेल. पण जूनमध्ये तापामुळे मावशींचे दोन खाडे झाले होते आणि आम्ही त्यांचे पैसे कापले होते. नाताळात त्या आल्या त्या याच कारणाने, हे आम्हांला त्यांना फोनवर बोलावतानाच ठाऊक होते. त्या दिवशी कळत असलेले माणूस घरात एकच होते, आणि ते स्वयंपाकघरात नव्हते.

यंदा हंगामाच्या सणाच्या भोजनाचा हिशेब मंडळीच्या समितीत मांडला गेला, तेव्हा आम्ही सुचविले की स्वयंपाकाला लावलेल्या बायकांपैकी कोणी आजारी असल्याचे सांगितले तर तिला घरी पाठवावे आणि तिचा रोज पूर्ण द्यावा. एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "आणि ती खोटे बोलली तर?" एक रोज बुडेल, एवढेच उत्तर आम्हांस सुचले. विषय पुढील बैठकीवर ठेवला आहे.