फुकटचे अश्रू

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. माझी तिची पाच पारायणं झाली. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, वय अवघं २७, हे मला तोंडपाठ आहे. तरी दर खेपेला वाटतं, यंदा औषधाला गुण येईल! इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत उरकतं आणि आपले डोळे कोरडेच राहतात.

परवा असाच थेऊरला पोचून डोळे पुसत होतो. खालच्या मजल्यावरचे आजोबा सारखे खोकत होते. मी उठून खिडकी लावली. वाचनात व्यत्यय नको!

"पेशव्यांसाठी रडताय, आणि आजोबांना औषध कोणी आणायचं?" आमची ही म्हणाली.

खरंच की! गेलेला माणूस रात्री दोन वाजता रिक्षा आणायला सांगत नाही. त्याचं दुःख फुकट मिळतं, म्हणून गोड लागतं. पण खोकणाऱ्यासाठी जीव कळवळावा, हे मला शिकवलं तेही त्याच कादंबरीने. शिकवणी पाचदा झाली. परीक्षा तेवढी राहिली होती.

पानात खूण घातली आणि जिना उतरलो. माधवराव काय, अडीचशे वर्षं थांबलेच आहेत.