चातुर्मासातील कॉफी

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर सायंकाळी खरेदीस निघालेल्या गृहस्थाची पावले एकदा तरी कॉफीच्या वासाने थबकतात. आपल्या समाजात चातुर्मासासाठी एखादा आवडीचा पदार्थ देवापुढे सोडण्याची चाल आहे. कांदालसूण सोडणे त्या मानाने सोपे, कॉफी सोडणे कठीण. अलीकडे त्यावर एक तोड निघाली आहे. लहान शेतकऱ्यांच्या मळ्यातील निवडक, परंतु कॅफीन काढून टाकलेली कॉफी मिळू लागली आहे. ती प्याल्याने व्रत मोडते काय, असे एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस देवळाच्या ओसरीवर विचारले. ते थट्टा करीत नव्हते.

कॅफीन हे कॉफीतील उत्तेजक द्रव्य. रुंगे या जर्मन रसायनज्ञाने 1819 साली ते प्रथम वेगळे केले. पुढे 1906 च्या सुमारास ब्रेमेनच्या रोझेलिउसने ते काढून टाकलेल्या कॉफीचा व्यापार सुरू केला. त्यासाठी तो बेंझीन वापरीत असे, म्हणजे झोप उडविणारे द्रव्य घालविण्यासाठी त्याहून घातक द्रव्य! आज ती रीत मागे पडली आहे. हिरवे दाणे भिजवून पाण्याने वा अन्य सौम्य उपायांनी कॅफीन काढतात, मग दाणे वाळवून भाजतात. तरीही त्याचा अल्प अंश उरतोच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. येथे तर गोडीच मुद्दाम राखून ठेवली आहे. ज्याला वैद्याने कॅफीन वर्ज्य केले, त्याने ही कॉफी अवश्य प्यावी; ते पथ्य आहे आणि पथ्यात कमीपणा नाही. पण पथ्याला व्रत म्हणणे आम्हांस मान्य नाही. संकल्प सोडताना तोंडी शब्द कोणता होता, असे आम्ही त्या गृहस्थांना विचारले. ‘कॉफी,’ ते म्हणाले, आणि स्वतःशीच थोडे खजील झाले.

मात्र चव राखावयाची ठरली, तर ती राखणाऱ्याचा विचार टाळता येत नाही. कॅफीन काढताना थोडा स्वादही जातो, म्हणून मुळात दाणा चांगलाच लागतो. देशातील सुमारे 70 टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात, विशेषतः कोडगू, चिक्कमगळूरु व हासन या जिल्ह्यांत होते, आणि मळेवाल्यांपैकी बहुतेक लहानच आहेत. फळे एकदम पिकत नाहीत. पिकलेली तेवढी हाताने वेचण्यासाठी त्याच झाडाकडे पुनःपुन्हा यावे लागते. आम्ही पेला दूर सारतो त्याच पावसाळ्यात तिकडे कोळेरोगाने पाने व कोवळी फळे काळी पडून कुजतात, आणि तो भर पावसात ती काढून टाकीत असतो. पाकिटावर त्याच्या मळ्याचे नाव झळकते. किमतीतील किती वाटा त्याच्या हाती पडला, हे बहुधा छापलेले नसते. दुकानदाराला ते विचारावयास हरकत नाही. कार्तिकी एकादशीनंतर व्रत सुटेल, तेव्हा त्या मळ्यांत फळे लाल होऊ लागलेली असतील.