खाली नाव कुणाचं?

आमच्याकडं छापील कागदाला मोठा मान. वाण्याकडून साखरेची पुडी आली, की पुडीचा कागद उलगडून, झटकून, वाचून मगच चुलीत जायचा. तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, हे अडाण्यालाही ठाऊक असतं. तलाठ्याचा उतारा, सोसायटीची पावती, कोर्टाचं समन्स. कागदानंच गरीब नागवला आणि कधीमधी कागदानंच तारला. म्हणून आपला कागद आपणच काढायचा, ही आमच्या भागात नुसती हौस नव्हती. कुणी नेमलं नसताना, कुणाला विचारलं नसताना माणसानं चार लोकांत लिहून बोलावं का? आणि बोललाच, तर जाब कुणाला द्यायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या नगर जिल्ह्यानं फार आधी देऊन ठेवलंय. नेवासा तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' साप्ताहिक काढत. पुण्यात १८७७ साली 'दीनबंधु' सुरू करणारे सत्यशोधक कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते. १९१० साली मुकुंदरावांनी काम हाती घेतलं ते १९६७ साली ते गेले तोवर चालवलं. वर्तमानपत्र म्हणजे पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांचं काम, असं सगळे धरून चालले होते, तेव्हा एक माणूस ढेकळांच्या मुलखात बसून खिळे जुळवत होता. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही. कुळकर्ण्यांच्या कारभारावर त्यांनी 'कुलकर्णीलीलामृत' लिहिलं. ते आधी कुळकर्ण्यांना विचारून लिहायचं म्हटलं असतं, तर पहिली ओळही कागदावर आली नसती.

दुसरं उदाहरण आमच्यापर्यंत मुंबईहून आलं. तिथं अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइल करून 'शब्द' काढत होती. पुढं अशोक शहाणेंचं 'असो' आलं, 'येरू' आलं, 'फक्त' आलं. यांना अनियतकालिकं म्हणत. नावातच खरेपणा होता. पैसे जुळले की अंक, नाही जुळले तर नाही. मोठ्या मासिकांनी दार लावलं म्हणून ही पोरं दाराशी बसून राहिली नाहीत. कॉलेजात गेलेल्या आमच्या गावच्या एकाच्या पिशवीतून असा एक अंक गावात आला. पारावर एका म्हाताऱ्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्येची कंपनी कोन्ती?" कंपनी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग चुकलं तर धरायचं कुनाला?"

सगळे हसले. पण माझा दुसरा प्रश्न तोच आहे.

७२ च्या दुष्काळात आम्ही पाच पोरांनी असा एक कागद काढला. दोन पानांचा. तालुक्याला एका गुरुजींकडं प्रश्नपत्रिका काढायचं यंत्र होतं. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं लिहायचं. जोर जास्त झाला की 'ठ' चं पोट फाटून पडायचं आणि छापताना तिथं काळा ठिपका उमटायचा. रूळ फिरवला की शे-दीडशे प्रती निघत. शाईचा वास दोन दिवस हाताला राहायचा.

गाव तेव्हा खडी फोडत होतं. सुकडीवर पोरं जगत होती. नात्यानं आमची आत्या लागणारी एक बाई त्याच कामावर होती. तिच्याकडून सहा दिवसांवर अंगठा घेतला आणि हातावर चार दिवसांचे पैसे ठेवले. अशा बऱ्याच जणी होत्या, पण बोलायला तयार ही एकटीच. आमच्यातल्या एकानं तापून मजकूर लिहिला. स्टेन्सिल कापायच्या आधी तिला वाचून दाखवू असं ठरलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. मजकुरात मुकादमाला 'चोर' म्हटलं होतं.

आत्या म्हणाली, "चोर कशापायी लिवतो रं? त्यानं काय केलं त्येवढं लिव. सा दिस, चार दिस. चोर म्हनायचं का न्हाई त्ये वाचनारा बघंल."

मी पुढं पुष्कळ संपादक पाहिले. एवढ्या कमी शब्दांत मजकूर नीट करणारा दुसरा भेटला नाही.

मग प्रश्न आला नावाचा. तिचं नाव घालू नये असं आमचं म्हणणं. कामावरून काढतील, घरात खाणारी तोंडं चार. ती ऐकेना. "नाव नसंल तर म्हनतील पोरांनी मनानं रचलं. माझं नाव घाला." आणि थोडं थांबून म्हणाली, "खाली कुनाचं नाव हाय?"

खाली कुणाचंच नाव नव्हतं. कुणाचा भाऊ नोकरीला, कुणाचा बाप सोसायटीच्या कर्जात. अशा कागदावर नाव न घालण्याचीच रीत असते, असंही एकजण म्हणाला. त्यातही खोटं काही नाही. जिथं नाव घातलं की जीव जातो, तिथं निनावी कागदच खरं बोलतो, हे मला मान्य आहे. पण इथं जास्त धोका तिचा होता आणि ती नाव द्यायला तयार होती. तिला उजेडात उभं करून आम्ही अंधारातून बोलायचं, हे काही खरं नव्हतं. रात्री पाचही नावं स्टेन्सिलवर गेली.

ज्याला मालक नाही, संपादक नाही, तो लिहिणारा मोकळा असतो. पण मोकळा म्हणजे कुणापासून? तरवडीच्या 'दीनमित्र'नं, मुंबईच्या अनियतकालिकांनी ज्यांची परवानगी झुगारली, ते वरचे होते. झुगारलीच पाहिजे. मात्र ज्याचं दुःख आपण लिहितो, तो आपला वरचा नसतो. त्याला विचारावंच लागतं. ज्याच्या विरुद्ध लिहायचं त्याची परवानगी नको, ज्याच्या बाजूनं लिहायचं त्याला आधी वाचून दाखवावं. पुष्कळदा लिहिणारे हे नेमकं उलटं करतात. साहेबाला मजकूर दाखवून घेतात आणि गरिबाला परस्पर छापून मोकळे होतात.

यावर कुणी म्हणेल, गावाला विचारून लिहायचं तर गावाच्या खोडी कोण लिहिणार? बरोबर आहे. त्याच दुष्काळात पाण्याला कुणी कुठं उभं राहायचं हे जात पाहून ठरत होतं, आणि पारावर बसणाऱ्यांना विचारलं असतं तर ते लिहू नका असंच म्हणाले असते. म्हणून 'गाव' असं मोघम म्हणून चालत नाही. जो घागर घेऊन लांब उभा आहे, त्याला विचारायचं. पारावरच्यांना नाही.

कागद वाटल्यावर आत्याला महिनाभर लांबच्या खाणीवर पाठवलं. जाऊन-येऊन दोन कोस जास्तीची चाल. आमच्यातल्या दोघांच्या घरी बोलाचाली झाली. पुढं त्या दोन दिवसांपैकी एका दिवसाची मजुरी तिला मिळाली, दुसऱ्याची मिळाली नाही. पण त्या हप्त्यापासून अंगठा घ्यायच्या आधी मस्टर मोठ्यानं वाचायची मागणी बायाच करू लागल्या. आमच्या कागदाचे पुढं तीन अंक निघाले आणि तो बंद पडला. पैसे संपले होते.

आता हातात फोन आहे. कागद नको, शाई नको, गुरुजींच्या पाया पडायला नको. चांगलंच झालं, दार सगळ्यांना उघडं झालं. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट लिहून पुढं ढकलताना अंगठा क्षणभर थांबवावा. त्या घरातल्या माणसाला हे वाचून दाखवलंय का? आणि खाली नाव कुणाचं आहे?