शब्द कुणाला लागतो?

भाची : मामा, आमदार-खासदारांची सोशल मीडियावरची पोस्ट सभ्य की असभ्य, हे तुम्ही कशावरून ठरवता?

मामा : निवडणुकीच्या आचारसंहितेतलं माप मला पटतं. विरोधकाच्या धोरणावर, कामावर, मागच्या कारभारावर बोला. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य काढू नका. डिंभे धरणाच्या पाण्याचं काय केलं, हे खुशाल विचारा. त्याच्या घरच्या बायकांना मध्ये ओढू नका.

भाची : आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात तेवढ्यानं भागत नाही. बिबट्यानं लेकरू नेलं आणि नेता लिहितो, ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे.’ एक शब्द वावगा नाही. त्याच्याखाली आई शिव्या घालते. असभ्य कोण?

मामा : त्या आईला मी असभ्य म्हणणार नाही.

भाची : म्हणजे शब्दांची यादी करून उपयोग नाही. विधानसभेत अध्यक्ष असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकतात. आपले आंबेगावचे दिलीप वळसे पाटीलच २००९ ते २०१४ त्या खुर्चीवर होते. फोनवरच्या पोस्टमधून कोण काढणार?

मामा : पोलीस तर नकोतच. वळसे पाटील गृहमंत्री होते तेव्हा, मे २०२२ मध्ये, शरद पवारसाहेबांवरच्या पोस्टसाठी अभिनेत्री केतकी चितळेला अटक झाली. महिन्याहून जास्त काळ ती आत होती. आजारपणावर घसरलेली ती पोस्ट वाचून मला किळस आली होती, तरी त्यासाठी तुरुंग हा अन्यायच. बोलणारा कोण आणि ज्याला लागतं तो कोण, हे आधी बघावं. नेत्यानं एखाद्या साध्या शेतकऱ्याला ‘विकला गेलेला’ म्हटलं की पाठोपाठ शेकडो कार्यकर्ते तुटून पडतात. त्या माणसानं उत्तर द्यायचं कुठं?

भाची : आणि नेत्यानं नेत्याला बोललं तर? फौज दोघांकडेही असते.

मामा : लागतं तिसऱ्यालाच. शिरूरचे माजी खासदार शिवाजीराव आढळराव आणि वळसे पाटील कित्येक वर्षं समोरासमोर होते. मार्च २०२४ मध्ये आढळराव वळसे पाटलांच्याच पक्षात, राष्ट्रवादीत आले, दोघं एका व्यासपीठावर बसले. पण त्यांच्यापायी ज्यांची भावकी तुटली, एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं, त्यांची गाठ कोण घालून देणार? याचं मला फार वाईट वाटतं.

भाची : म्हणजे उद्या युती होईल म्हणून आज जपून बोलायचं? हा तर व्यवहार झाला, मामा. खरं तिखट असलं तरी बोललंच पाहिजे.

मामा : बोल ना, चांगलं तिखट बोल. पक्ष बदलला तरी कांद्याचा भाव, कालव्याचं आवर्तन, बिबट्या तिथंच राहतात. त्यावरचा प्रश्न कुणाला मागे घ्यावा लागत नाही. दिसण्यावर, जातीवर केलेल्या पोस्टी मात्र रातोरात पुसाव्या लागतात.

भाची : आणि जो गोडच बोलतो, पण उत्तर देत नाही?

मामा : त्याला मी जास्त असभ्य मानतो. नाव घेऊन, अहो-जाहो करून, उत्तर येईपर्यंत विचारत राहा.

भाची : ब्लॉक केलं तर?

मामा : तर त्याच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर.