भुताची बाजू

मराठी भुतांनाही जात असते. मुंज झालेला ब्राह्मणाचा मुलगा सोडमुंजीआधी गेला, तर तो मुंजा. मोल्सवर्थच्या कोशात खवीस हे मुसलमानाचे भूत. बायका तर या यादीत जागोजाग: हडळ, जखीण, अळवंत. अळवंत म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई. सुईण वेळेवर आली नाही, अंगात रक्त नव्हते, कारण काहीही असो. लोककथेला तिच्या मरणाशी घेणेदेणे नाही. मेल्यावर ती दुसऱ्यांच्या पोरांवर उठते, एवढेच सांगितले जाते.

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी ही भीती जशीच्या तशी उचलली. लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन सगळे घरातल्या भावांनीच करायचे, म्हणून त्यांचे चित्रपट स्वस्तात होत. ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) सामरी नावाचा सैतान राजाला शाप देतो की तुझ्या वंशातल्या मुली बाळंतपणात मरतील. भांडण दोन पुरुषांचे आणि मरण बायकांच्या वाट्याला. त्यांचे म्हणणे काय, हे चित्रपट विचारत नाही.

याचा दोष कमी पैशाला देता येत नाही. अमेरिकेत जॉर्ज रोमेरोने 1968 साली सुमारे सव्वा लाख डॉलर खर्चात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला आणि नायक म्हणून ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट घेतला. हा नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून जगतो. सकाळी बंदूकधारी गोरे त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. मोठ्या स्टुडिओत हा शेवट टिकला असता, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे भीती जिवंत माणसांकडे नेण्याचे ते वळण विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ने (2017) घेतले. एक घर, भोवती ऊस आणि एक गरोदर बाई. तिला दिसणारी लहान मुले का मेली, हे शोधता शोधता ती मुलीच नको असलेल्या घरापर्यंत पोहोचते. भुतांची बाजू ऐकून घेणारी ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिथे खरी भीती भुतांची उरत नाही.

पण पडद्यावर ऊस झाला, कोकण झाले. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या आणि नागझिऱ्याचे जंगल कुठे आहे? जंगलातला माणूस आपल्या भयपटांत येतो तो बहुधा मांत्रिक होऊन, कवट्यांची माळ घालून. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला जमणारे गोंड लोक मेलेल्या पूर्वजांना पेन, म्हणजे देव, मानून पूजतात. पूर्वजांशी असे नाते असलेल्या समाजाची भुताची गोष्ट वेगळीच असणार. तीच नेमकी कुणी ऐकलेली नाही.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. करणी केली, मंत्राने गाईचे दूध आटवले, असा संशय घेऊन माणसाला छळणे हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला. असे छळ होत होते, म्हणूनच ते कलम लिहावे लागले. पडद्यावरची चेटकीण पाहून घरी गेलेला प्रेक्षक शेजारच्या एकट्या म्हातारीकडे कसा पाहतो, याची जबाबदारी दिग्दर्शकावरही येते.

त्याच जिल्ह्यातल्या तिरोड्यात दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य होते, नाटक लागते. तुटपुंज्या साधनांत रात्र जागवणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आता पोरांच्या हातात कॅमेऱ्याचा फोनही आहे. त्यांनी भयपट जरूर करावा. फक्त त्यात जिच्यावर करणीचा आळ आला, तिला पहिला संवाद द्यावा, आणि तो तिच्या झाडीबोलीत, पोवारीत नाहीतर गोंडीत असावा.