मुंगीचा त्याग आणि माणसाचा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळी बदलण्याची वेळ होती. रस्त्याने कामगारांची रांग चालली होती आणि कडेच्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची. बस्तरकडे ज्यांस चापडा म्हणतात, त्याच या मुंग्या. त्यांस पाहून मनात प्रश्न आला : फळाची आशा न धरता अखंड राबणारी मुंगी हीच खरी कर्मयोगी नव्हे काय?

वरवर पाहता तसेच वाटते. या मुंग्या जिवंत पाने जोडून घर बांधतात. कित्येक जणी एकमेकींस धरून साखळी करतात व पानांच्या कडा जवळ ओढतात. दुसऱ्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून फिरवितात. अळीच्या रेशमाने पाने सांधली जातात. अन्य अनेक जातींच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोशासाठी वापरतात. ही अळी ते घरासाठी देते आणि स्वतः कोशावाचून राहते. लहान मुंग्या आत पिलांचे संगोपन करतात, मोठ्या बाहेर अन्न मिळवितात व राखण करतात. त्यांतील वृद्ध मुंग्या सीमेवरच्या घरट्यांत राहून शत्रूस प्रथम सामोऱ्या जातात. राणी आज्ञा देत नाही. बराचसा व्यवहार गंधाने चालतो. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर गंध ठेवते, त्यामागून इतर जणी जातात. अन्न संपले की ती वाटही विरून जाते.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहावी. इ. स. १९५८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड विल्सन व त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या एका जातीच्या मुंग्यांवर प्रयोग केला. मेलेल्या मुंगीच्या देहात ओलेइक आम्ल उत्पन्न होते. त्या वासावरून इतर मुंग्या तिला कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. हेच आम्ल जिवंत मुंगीस लावले, तेव्हा ती पाय झाडीत असताही भगिनींनी तिला उचलून ढिगावर नेले. पाय हालताना दिसत होते; पण निर्णय वासाने दिला.

येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जिला 'न देणे' शक्यच नाही, तिच्या देण्यास त्याग कसे म्हणावे? अठरा अध्यायांच्या अखेरीस भगवंतांनीही अर्जुनास आज्ञेने बांधले नाही. सर्व विचार करून इच्छेस येईल तसे कर, असेच सांगितले. त्या मोकळिकीवाचून कर्म घडते, कर्मयोग घडत नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नाना प्रांतांचे लोक येथे आले. कोणी भट्टीपाशी, कोणी कार्यालयात, कोणी झाडू घेऊन उभा राहिला. श्रमविभाग मुंगीसही आहे. पण या प्रत्येकास 'तू हे का करतोस?' असे विचारता येते, आणि उत्तर देण्याचा त्याचा अधिकार आहे. तो प्रश्न विचारणे आपण सोडले, जन्मावरून वा हुद्द्यावरून माणसाची किंमत ठरविली, की आपणही वासाने न्याय करू लागतो. मुंगी अंग स्वच्छ करून पुन्हा घरात येऊ शकते. माणसाने माणसास लावलेला गंध मात्र पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

म्हणून, वाचकहो, मुंगीपासून उद्योग अवश्य शिकावा. परंतु उद्या आपल्या दारी झाडणारा येईल, तेव्हा त्याचे हालणारे पाय पाहावे, त्यास नावाने हाक मारावी. मुंगीस जे साधत नाही, ते आपणांस साधावे.