आवडीची मालकी

आमच्या माजघरात आजीच्या लग्नाचा एक फोटो पुष्कळ वर्षे टांगलेला होता: भरलेले दंड, त्यांत रुतलेल्या वाक्या, वाटोळा चेहरा आणि अंगाचा कोणताही घेर न लपवता चापूनचोपून नेसलेले नऊवारी लुगडे. ‘मुलगी अंगाने भरलेली आहे, खात्यापित्या घरची दिसते’ एवढ्या शब्दांवर आपली सोयरीक ठरली, ही हकीकत ती मोठ्या अभिमानाने सांगत असे. गेल्या महिन्यात माझ्या पंधरा वर्षांच्या पुतणीने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, ‘‘काका, ही एवढी जाड असून पसंत कशी पडली?’’ तिच्या स्वरात कुचेष्टा मुळीच नव्हती. तिला खरोखरच कोडे पडले होते.

ते कोडे तिचे एकटीचे नाही. आपल्याला काय आवडते हे आपण वारसाहक्काने मिळालेली खाजगी मिळकत असल्यासारखे सांगतो आणि तिचा दाखला कोणी मागू लागल्यास रागावतो. परंतु जरा दप्तर उलगडून पाहिले, तर त्या आवडीवर आपल्या आधी काळाने, अन्नाने आणि डोळ्यांपुढे टांगलेल्या चित्रांनी मालकी सांगितलेली आढळते. ज्या समाजाने 1876 ते 1878 चा दुष्काळ भोगला, ज्याने 1896 साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ पाहिली, आणि ज्याच्या घराघरांत क्षयाने तरुण माणसे झिजून गेली, त्या समाजाला कृश देह पाहून प्रथम दुखण्याची शंका यावी आणि भरलेल्या देहात आयुष्याची हमी दिसावी, हे स्वाभाविकच होते. सडपातळपणाचे कौतुक आपल्याकडे नव्हतेच असे नाही. कालिदासाची यक्षपत्नी तन्वी आहे, आणि ‘चवळीची शेंग’ हा शब्दही प्रेमानेच वापरला जात असे. पण त्या यक्षपत्नीच्या तनुतेलाही नितंबभाराची जोड होती, आणि चवळीची शेंग व्हा असे फर्मान कोणी सरसकट काढले नव्हते.

1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या पुष्टांगी लक्ष्मी-सरस्वती रंगीत छापांच्या रूपाने सामान्यांच्या भिंतींवर आल्या. तोपर्यंत सौंदर्य पाहावयाचे ते शेजारीपाजारी, लग्नकार्यात, पाणवठ्यावर. आता एकच मुद्रा, एकच बांधा हजारो घरांत रोज सकाळी हात जोडून पाहिला जाऊ लागला. डोळ्यांच्या या शिक्षणाचा सर्वांत विलक्षण पुरावा मात्र रंगभूमीने दिला. 1911 साली ‘मानापमाना’त भामिनी होऊन बालगंधर्व उभे राहिले आणि पुढे त्यांचे शालू, त्यांचा अंबाडा, त्यात फुले माळण्याची तऱ्हा यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या कुलीन स्त्रिया करू लागल्या. एका पुरुषाच्या देहावरून स्त्रियांनी स्त्रीत्वाचा नमुना गिरवावा, याहून आवडीच्या परप्रकाशितपणाची मोठी साक्ष कोणती हवी? 1919 मध्ये ‘एकच प्याला’तील दारिद्र्याने गांजलेली सिंधू याच गुबगुबीत देहाने दळायला बसली, तेव्हा ‘ही उपाशी कशी दिसत नाही’ असा प्रश्न प्रेक्षागृहाला पडला नाही; प्रेक्षागृह रडले. पुढे 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या, 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्री-भूमिका स्त्रियांकडे दिल्या, आणि 1937 मध्ये स्वतः बालगंधर्व चित्रपटात मीराबाई झाले तेव्हा तो बोलपट चालला नाही. काल जो देह डोळ्यांत मावत नव्हता, तोच कॅमेऱ्याच्या जवळिकीत परका वाटू लागला. देह तोच होता, आणि त्यात बसलेला गायकही. प्रेक्षकांच्या डोळ्यांचा मात्र फेरफार झाला होता.

या फेरफाराचे एक साधन फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे कपडा. नऊवारीला मापाचा आकडा नसतो, आणि खणाची चोळी पुढच्या गाठीने बांधली जात असल्यामुळे बाळंतपणानंतरही तीच अंगाशी जुळवून घेता येई. वस्त्र देहाकडे येत होते. तयार कपड्यांच्या दुकानात देहाने वस्त्राकडे जायचे असते, आणि छापील आकड्यात जो मावत नाही त्याने आपल्यातच काही खोट आहे असे समजून बाहेर पडायचे असते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात पहिलवानाच्या पोटाची कोणाला लाज वाटली नाही. आज विशीतला मुलगा आरशापुढे श्वास रोखून पोटाच्या घड्या मोजतो.

आजीच्या काळी हडकुळ्या मुलींना जे ऐकावे लागले असेल, तेही मला विसरायचे नाही; तेव्हाची आवडही कोणावर तरी जुलूम करीतच होती. पण तो जुलूम करणारे डोळे गावापुरते होते.

पुतणीला मी यातले बरेचसे सांगितले. तिने मन लावून ऐकले, फोटो पदराच्या काठापर्यंत नीट पुसून परत खुंटीला लावला. रात्री पानावर तिने अर्धी भाकरी मोडून घेतली, उरलेली अर्धी हळूच टोपल्यात सारली, आणि ‘‘भूक नाही’’ म्हणून उठली.